परमुलखातला रविवार

दोन दिवसांसाठी सिंगापूरला जाऊ, असा मुलांचा हट्ट होता. पासपोर्ट मात्र घरात कोणाकडेच नव्हता. मग फैजपूरहून सावदा, रावेर मागे टाकत आम्ही मध्य प्रदेशातले बऱ्हाणपूर गाठले. फारुकी सुलतानांच्या काळी हीच खानदेशाची राजधानी. आज आपल्याला परमुलूख!

रविवारी कुंडी भंडारा पाहिला. अब्दुल रहीम खानखानाच्या सुभेदारीत, १६१५ च्या सुमारास, तो इराणी पद्धतीने बांधला गेला. सातपुड्याकडून तापीकडे जमिनीखालून पाणी झिरपत असते. ते अडवायला विहिरीसारख्या कुंड्या ओळीने खणल्या आणि तळाशी बोगद्याने जोडल्या. बोगद्याला बेताचा उतार, म्हणून पाणी आपसूक शहराकडे येते. मोट नको, पंप नको.

कुंडीत डोकावून आई म्हणाली, "एवढंच पाणी आपल्या विहिरीत होतं रे."

सातपुडा तोच. इथे झिरपेल तेवढेच घेतले. आम्ही केळीसाठी बोअर खोल खोल नेत राहिलो आणि विहीर आटली. येत्या पावसाळ्यात घराच्या छपराचे पाणी गाळून त्या विहिरीत सोडायचे, एवढे ठरवून आम्ही परतलो.