बाबागाडी, पाणंद आणि तीन सेंटिमीटरचा खडा

पुणे–अहिल्यानगर हमरस्त्यावरचे शिक्रापूर आता पूर्वीसारखे केवळ शेतीवर जगणारे गाव राहिलेले नाही. सणसवाडी आणि रांजणगावच्या कारखान्यांमुळे ठिकठिकाणची तरुण कुटुंबे इथे राहायला आली आहेत. घरात बाळ असते, पण त्याला दिवसभर कडेवर घ्यायला आजी किंवा आत्या जवळ असतेच असे नाही. मग बाबागाडी घ्यायचे ठरते. दुकानात आपण गादी किती मऊ, रंग कोणता, घडी किती लहान होते हे पाहतो. दुकानाच्या गुळगुळीत फरशीवर प्रत्येकच गाडी बोटाने ढकलली तरी चालते. घरी आणल्यावर संध्याकाळी बाळाला मोकळी हवा मिळावी म्हणून आपण डांबरी रस्ता सोडून शेताकडे वळतो. तिथे निसटलेली खडी असते, मुरूम असतो, पाणंदीत बैलगाडीच्या चाकोऱ्या असतात. चारच पावलांत गाडी अडते, आपण जोर लावतो, ती उडी मारते आणि आतल्या बाळाचे डोके गदगदा हलते.

ही गाडी अडते का? आणि पाणंदीवर चालेल अशी गाडी ओळखायची कशी? आश्चर्य वाटेल, पण या प्रश्नाचे बरेचसे उत्तर शाळेत शिकवली जाणारी तरफ आणि पायथागोरसचा सिद्धांत यांत आहे. म्हणूनच हा विषय आम्ही शिक्षकांपुढे मांडत आहोत.

प्रथम फळ्यावर एक आकृती काढू या. जमीन दाखवणारी आडवी रेघ काढा. तिला टेकलेले, १५ सें.मी. व्यासाचे, म्हणजे ७.५ सें.मी. त्रिज्येचे चाक काढा. घडीच्या हलक्या बाबागाड्यांची चाके साधारण एवढीच असतात. चाकाच्या पुढे ३ सें.मी. उंचीचा खडा काढा. चाकाचा परीघ खड्याच्या माथ्याला टेकलेला दाखवा. आता चाक वर चढायचे म्हणजे त्याला या माथ्याभोवती फिरावे लागणार. खड्याचा माथा हा झाला टेकू.

चाकावरचा भार आसातून सरळ खाली ओढतो. आपण गाडी ढकलतो ते बल आसातून आडवे पुढे लागते. बलभुजा म्हणजे टेकूपासून आसाची उभी उंची: ७.५ – ३ = ४.५ सें.मी. भारभुजा म्हणजे टेकूपासून आसाचे आडवे अंतर. ते काढायला पायथागोरस हवा. कर्ण ही चाकाची त्रिज्या, ७.५, एक बाजू ४.५, तर दुसरी बाजू ६ सें.मी. येते. वर्गातल्या मुलांच्या लगेच लक्षात येईल की हा आपला नेहमीचा ३, ४, ५ चा त्रिकोणच आहे, फक्त दीडपट मोठा.

आता भार × भारभुजा = बल × बलभुजा. म्हणून बल हे भाराच्या ६ भागिले ४.५, म्हणजे सुमारे १.३३ पट लागते. गाडी १० किलोची आणि वर्षाच्या आसपासचे बाळ १० किलोचे धरले, आणि त्यातला निम्मा भार पुढच्या चाकांवर आहे असे मानले, तर दोन्ही चाके एकदम अडल्यावर त्यांना हळूहळू वर चढवायला सुमारे १३ किलो वजन उचलण्याइतका जोर लागेल. म्हणजे गाडी ढकलण्यापेक्षा पुढची बाजू हाताने उचलून ठेवणे सोपे!

आता खडा तोच ठेवा आणि चाक दुप्पट करा. व्यास ३० सें.मी., त्रिज्या १५. बलभुजा १५ – ३ = १२. भारभुजा ९. पुन्हा ३, ४, ५ चाच त्रिकोण, पण या वेळी उभी बाजू मोठी आणि आडवी बाजू लहान. बल भाराच्या ९ भागिले १२, म्हणजे पाऊणपट. तेरा किलोंचा जोर साडेसातांवर आला. खडा बदलला नाही, बाळ बदलले नाही, फक्त त्रिकोण आडव्याचा उभा झाला.

तिसरे चाक आपल्या परिसरातलेच घेऊ. जुन्या लाकडी बैलगाडीचे चाक दीड मीटर व्यासाचे धरा. त्रिज्या ७५, बलभुजा ७२, भारभुजा बरोबर २१ सें.मी. येते. बल भाराच्या ०.२९ पट. आपल्या सुतार-लोहारांनी हे गणित कागदावर मांडले असेल-नसेल, पण धावेची एवढी मोठी चाके त्यांनी हौसेखातर केलेली नव्हती. पाणंदीतले दगड आणि बैलांची ताकद या दोहोंचा मेळ त्यात होता.

यातून बाजारात उपयोगी पडेल असा एक ठोकताळा निघतो. खड्याची उंची त्रिज्येच्या साधारण तीन-दशांशाहून जास्त झाली, की लागणारे आडवे बल भारापेक्षा जास्त होते. व्यासाच्या भाषेत सांगायचे तर चाकाचा व्यास खड्याच्या उंचीच्या निदान सातपट हवा. सातपट ही सीमा, दहापट ही सोय. म्हणून ३ सें.मी.च्या खडीसाठी २१ सें.मी. व्यासाचे चाक कसेबसे चालेल, ३० सें.मी.चे बरे चालेल. खड्याची उंची त्रिज्येएवढी झाली तर मात्र आडवे ढकलून ते चाक कधीच चढणार नाही, कारण बलभुजाच शून्य होते.

बाबागाडीच्या इतिहासातही हेच दिसते. इंग्लंडमध्ये ओवेन मॅक्लारेन या विमान अभियंत्याने १९६५ साली छत्रीसारखी मिटणारी बाबागाडी तयार केली. तिचे वजन तीन किलोंहूनही कमी होते. ती विमानतळ, फूटपाथ आणि आगगाडीसाठी उत्तम होती. आज दुकानात दिसणाऱ्या बहुतेक हलक्या गाड्या तिच्याच कुळातल्या आहेत. उलट अमेरिकेत फिल बेकलर या धावपटूने १९८४ साली बाबागाडीला चक्क सायकलची चाके लावली आणि ओबडधोबड वाटांवर चालणाऱ्या तीनचाकी गाड्यांचे कूळ सुरू झाले. दोन्ही गाड्या चांगल्याच. प्रश्न फक्त कोणती गाडी कोणत्या वाटेवर, एवढाच. आपल्याकडचा पांगुळगाडाही इवल्या लाकडी चाकांवर झकास चालतो, पण सारवलेल्या अंगणात.

चाकाच्या आकाराइतकेच महत्त्व त्याच्या धावेला आहे. कडक प्लॅस्टिकचे चाक खड्यावर चढते तेव्हा सगळी गाडी वर उचलली जाते. हवा भरलेला टायर खड्यापुरता आत दबतो, त्यामुळे गाडी कमी उचलली जाते आणि धक्का कमी बसतो. बेलफास्टमध्ये राहणाऱ्या जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने १८८७-८८ च्या सुमारास हवेचा टायर तयार केला तो आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी. पुढे हाच टायर जगभर मोटारींना लागला आणि उसाच्या टायरगाडीच्या रूपाने आपल्या फडापर्यंत आला. मूळ कारण मात्र एका मुलाला बसणारे हादरे हेच होते. रुंद टायरचा आणखी एक फायदा असा की भार जास्त क्षेत्रफळावर पसरतो, त्यामुळे ओढ्याच्या वाळूत किंवा भुसभुशीत मातीत चाक कमी रुतते. पावसाळ्यात काळी माती चाकाला चिकटते, तेव्हा चाक आणि वरची पट्टी यांत दोन बोटांची फट आहे का, हेही पाहावे. नाही तर चाक फिरतच नाही.

तीन चाके बरी की चार? तीन बिंदूंतून एक प्रतल नेहमीच जाते. म्हणून तीन पायांची तिवई कुठेही डगमगत नाही. तीनचाकी गाडीची तिन्ही चाके उंचसखल जमिनीवरही टेकलेली राहतात. पण तिवईचा दोष असा की ती तिरपी पटकन कलंडते. पुढचे चाक आणि मागचे एक चाक यांना जोडणारी रेघ गुरुत्वमध्याच्या बरीच जवळून जाते. म्हणून तीनचाकी गाडीची मागची चाके चांगली फाकलेली आणि बसायची जागा खाली हवी. बांधाच्या उतारावरून गाडी आडवी नेणे दोन्ही प्रकारांत टाळावे. पाण्याची बाटली आणि कपड्यांची पिशवी मुठीला अडकवण्याची आपली सवय तर फारच धोक्याची. पिशवीचा भार मागच्या आसाच्याही मागे पडतो आणि चढावर गाडी बाळासकट मागे उलटू शकते. पिशवी आसनाखालीच ठेवावी.

पुढचे गरगर फिरणारे चाक बाजारात वळायला सोयीचे असते. खडीवर ते आडवे होऊन अडकते किंवा थरथरते. म्हणून त्याला सरळ अडकवून ठेवायची कळ आहे का, हे विचारावे. ब्रेक आणि खांदे, कंबर व दोन पायांमधून बांधणारा पाच टोकांचा पट्टा हवाच. मुठीला मनगटात अडकवायची दोरी असेल तर उतारावर गाडी हातून सुटत नाही.

गाडी साधीच असेल तरी एक युक्ती उपयोगी पडते. मुठीवर जोर देऊन ढकलताना आपण नकळत गाडी खालीही दाबतो, त्यामुळे चाक आणखी अडते. त्याऐवजी मूठ खाली दाबून पुढची चाके आधी उचलावीत. इथे मागचा आस टेकू होतो. किंवा गाडी उलटी फिरवून वर आणि मागे अशी तिरपी ओढावी. आपल्या पहिल्या आकृतीत बल आडवे न लावता त्रिज्येला लंब लावले, तर बलभुजा पूर्ण ७.५ सें.मी. मिळते आणि बल भाराच्या १.३३ पटीवरून ०.८ पटीवर येते.

आता बाळाकडे वळू. नवजात बाळाचे डोके त्याच्या एकूण लांबीच्या सुमारे एक-चतुर्थांश असते; मोठ्या माणसाचे एक-अष्टमांश. एवढे जड डोके तोलणारी मान साधारण तीन-चार महिन्यांनी सावरते आणि आधाराशिवाय बसणे साधारण सहा ते आठ महिन्यांत येते. तोपर्यंत खडबडीत वाटेवर गाडी नेऊ नये, आणि बाळ बसू लागल्यावरही चालण्याच्याच वेगाने न्यावी. गाडी पळवायची असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. उन्हाळ्यात ऊन लागू नये म्हणून गाडीवर जाड कापड टाकून ती बंद करू नये. आत हवा खेळत नाही आणि बाळ बाहेरच्यापेक्षाही जास्त तापते. सकाळची किंवा संध्याकाळची वेळ आणि मोकळी सावली हाच खरा उपाय.

मग ज्या वाटेपुढे कोणतेच चाक टिकत नाही, तिथे काय? तिथे आपल्या आया-आज्यांची रीत शास्त्रालाही मान्य आहे. माणूस खड्यावर चढत नाही, तो ओलांडून पुढचे पाऊल टाकतो. शिवाय गुडघे आणि घोटे धक्का शोषून घेतात. बाळाला कडेवर घेतले की त्याचे पाय फाकलेले आणि गुडघे वर राहतात. खुब्याच्या सांध्याची वाढ नीट होण्यास ही स्थिती चांगली. पाय सरळ जुळवून घट्ट बांधणे मात्र वाईट. झोळीत किंवा कापडात बाळाला बांधताना त्याचे नाक-तोंड मोकळे दिसत राहावे, हनुवटी छातीला टेकू नये आणि पाठीला आधार असावा.

शिक्षकांसाठी एक उपक्रम सुचवतो. मुलांना घर ते शाळा किंवा घर ते शेत या वाटेवर दर शंभर पावलांना थांबायला सांगा. तिथल्या सर्वांत उंच अशा घट्ट रुतलेल्या दगडाची जमिनीपासूनची उंची पट्टीने मोजून वहीत लिहू द्या. त्या आकड्याला सातने आणि दहाने गुणले की त्या वाटेला लागणारे चाक मिळते. एकाच गावात डांबरी रस्ता, मुरमाचा रस्ता आणि पाणंद यांची उत्तरे किती वेगळी येतात हे मुलांना स्वतः दिसेल. ज्यांच्या घरी तान्हे भावंड आहे, त्यांनी हा आकडा आईवडिलांना जरूर सांगावा.

आणि गाडी घ्यायला जाताना खिशात मोजपट्टी आणि बरोबर दहा किलो बाजरीची पिशवी न्यावी. पिशवी आसनात पट्ट्याने बांधून गाडी दुकानाच्या फरशीवर नव्हे, तर बाहेरच्या खडीवर चालवून पाहावी. दुकानदार हसेल, हसू द्यावे. बाजरी गदगदली तर काही बिघडत नाही.