आवाज जपणारी पेटी

असोद्याला जन्मलेल्या आणि जळगावात नांदलेल्या बहिणाबाई चौधरी १९५१ साली गेल्या. त्यांना अक्षरओळख नव्हती. मुलाने, कवी सोपानदेवांनी, आणि एका नातलगाने त्यांची गाणी वेळोवेळी टिपून ठेवली होती, म्हणून १९५२ साली त्यांचं पुस्तक निघू शकलं. शब्द वाचले. पण जात्याच्या घरघरीवर ओवी कशी उचलायची, श्वास कुठे घ्यायचा, हे कागद कसं सांगणार?

आखाजीला गौराईची आणि श्रावणात कानबाईची गाणी अहिराणीत म्हणणाऱ्या आजीबाई आपल्या खान्देशात अजून आहेत. त्यांचा आवाज घरच्या घरी नीट मुद्रित करता येतो. त्यासाठी माईक, हेडफोन, संगणक आणि या तिघांना जोडणारी एक लहानशी पेटी लागते. तिला ऑडिओ इंटरफेस म्हणतात. माईककडून येणारा विजेचा क्षीण संकेत वाढवायचा, त्याचे आकडे करून यूएसबीच्या वायरीने संगणकाला द्यायचे आणि परत येणाऱ्या आकड्यांचा पुन्हा आवाज करायचा, एवढंच तिचं काम.

पेटीवर माईकसाठी गोल खाच असते. तीन टाचण्यांची, म्हणजे एक्सएलआर पिन तिथे बसते. या पिनेच्या वायरीत दोन तारांतून एकच संकेत उलटसुलट जातो. वाटेत दोन्ही तारांना सारखीच लागलेली खरखर पेटीत वजा होते. बहुतेक पेट्यांत याच खाचेच्या मधोमध गिटारची जाड पिनही बसते. शेजारचा ‘इन्स्ट’ हा खटका गिटारसाठी असतो. माईकला तो लागत नाही.

‘४८ व्होल्ट’ असं लिहिलेलं बटण कंडेन्सर माईकला वीज पुरवतं. मुशायऱ्याच्या किंवा कीर्तनाच्या मंचावर दिसणाऱ्या साध्या डायनॅमिक माईकला ती लागत नाही. माईक आधी जोडावा, हेडफोनचा आवाज कमी करावा आणि मगच हे बटण दाबावं.

सर्वांत महत्त्वाचं बटण म्हणजे ‘गेन’. माईकचा आवाज किती वाढवून आत घ्यायचा, हे ते ठरवतं. ‘हॅलो हॅलो’ म्हणून ते लावू नये. आजीला गाण्यातली सर्वांत चढी ओळ म्हणायला सांगावी आणि संगणकावरची पट्टी उणे बारा डेसिबलच्या आसपास थांबेल असं पाहावं. लाल दिवा लागला, तर आवाजाच्या लाटेचा माथा कापला गेला असं समजावं. तो पुरता परत मिळत नाही. थोडा हळू आलेला आवाज मात्र नंतर वाढवता येतो, त्यातून मुद्रण २४ बिटचं असेल तर अधिक सुखाने.

हेडफोनचं आणि ‘मॉनिटर’चं बटण फक्त आपल्या कानासाठी असतं. ती फिरवून मुद्रणाचा आवाज कमीजास्त होत नाही, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. संगणकात जाऊन परतणारा आवाज किंचित उशिरा येतो आणि गाणारा अडखळतो. ‘डायरेक्ट मॉनिटर’ हा खटका आवाज थेट कानाशी पोहोचवतो. अर्थात, आजीच्या कानाला हेडफोन लावूच नयेत. ते आपण लावावेत, तिला मोकळं गाऊ द्यावं.

पंखा बंद करावा. लॅपटॉपचा चार्जर लावल्यावर घूं असा आवाज आला, तर तो काढून बॅटरीवर काम करावं. आजीची परवानगी घ्यावी. तिचं नाव, गाव आणि तारीख सुरुवातीलाच बोलून ठेवावी. मूळ फाइल ‘वेव्ह’ स्वरूपात, दोन वेगळ्या ठिकाणी जपावी.

पेटी बाजारात कधीही मिळेल. आजीला मात्र आखाजीच्या आत भेटून यावं.