रंगाआधीची जमीन

गॅरेजची जमीन पहिल्यांदा मीच रंगवली होती आणि माझ्याच गाडीने ती उचलून नेली.

जयपूरला मानसरोवरात आमचं घर आहे आणि त्याच्या कडेला दहा बाय अठरा फुटांचं गॅरेज. खाली साधा सिमेंटचा कोबा. कितीही झाडलं तरी त्याची भुकटी उडायची आणि तेलाचे डाग मुरायचे. मे महिन्यात दोन डब्यांचा इपॉक्सी रंग आणला, कोबा धुतला, दोन दिवस वाळवला आणि रोलर फिरवला. पुढचा आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला चपला काढायला लावून चकाकी दाखवली. मग एका दुपारी टोंक रोडवरून तापून आलेली गाडी आत लावली. सकाळी बाहेर काढताना चर्रर्र आवाज झाला. चाकांखालचे चार पोपडे टायरला चिकटून निघाले होते आणि खालचा कोबा होता तसाच करडा.

टायर रस्त्यावर तापतं आणि रंगाला मऊ करतं. रात्री थंड होताना ते आकसतं आणि रंगाला ओढतं. रंगाने कोब्याला घट्ट धरलं असेल तर टायरचं काही चालत नाही. माझ्या रंगाने धरली होती ती कोब्यावरची धूळ.

दिवाळीच्या महिनाभर आधी मिस्त्रींना बोलावलं. शेडकार्ड पुढे केलं तर त्यांनी ते न उघडताच खिडकीत ठेवलं. उकिडवे बसले, बाटलीतलं पाणी जमिनीवर चार ठिकाणी शिंपडलं आणि बघत राहिले. तीन ठिकाणी पाणी हळूहळू मुरलं. इंजिनाखालच्या जागेवर मात्र त्याचे गोल थेंब अळवावरच्यासारखे उभे राहिले. “बाबूजी, ये पानी नहीं पी रहा,” ते म्हणाले. जी जमीन पाणी पीत नाही, ती रंगही पिणार नाही. तिथे तेल होतं.

मग त्यांनी हात-दीड हात लांबीरुंदीचे प्लॅस्टिकचे चौकोन कापले, कडा टेपने बंद करून जमिनीला चिकटवले आणि चहाही न घेता निघून गेले. जयपूरची ऑक्टोबरची हवा अशी कोरडी की ओठ फुटतात. ओल कुठून येणार, असं मला वाटलं. सकाळी तीन चौकोन कोरडे होते. बागेच्या भिंतीलगतच्या चौथ्याच्या पोटाला दव जमलं होतं. भिंतीपलीकडचा नळ ठिबकत होता आणि पाणी कोब्याखाली शिरत होतं. वर रंगाचं झाकण बसलं असतं तर त्या वाफेने एक दिवस फोड आणले असते. नळ दुरुस्त झाला. चौकोन पुन्हा लागले, पुन्हा निघाले. काम पाच दिवस थांबलं.

सहाव्या दिवशी घासणं सुरू झालं. आधी तेलाची जागा डिटर्जंट आणि ब्रशने तीनदा धुऊन वाळवली, कारण तेलावर मशीन फिरवलं तर ते आणखी पसरतं. मग ग्राइंडरला हिऱ्याच्या कणांची वाटी लावून माझा उरलेला रंग आणि त्याखालची सिमेंटची साय काढली. कोबा घोटताना जे पातळ सिमेंट वर येतं ते दिसायला गुळगुळीत असतं, पण कमजोर असतं. ते गेलं आणि खालची वाळू उघडी पडली. “हाथ फेरिये,” मिस्त्री म्हणाले. तळव्याला पॉलिशपेपर घासल्यासारखं वाटलं. त्यांनी बारीक भेगा कटरने मुद्दाम रुंद केल्या, त्यातली माती व्हॅक्युमने ओढली आणि इपॉक्सीत बारीक वाळू कालवून त्या भरल्या.

ते बघताना साताऱ्याजवळच्या गावातली आमची आजी आठवली. सारवायच्या आधी ती खराट्याने पोपडे काढायची, उंदरांची बिळं बुजवायची, भेगा लिंपायची. शेणाचा हात फिरायचा तो सगळ्यात शेवटी, आणि फिरायचा मात्र झरझर.

त्या दिवशी संध्याकाळी प्रायमर लागला. पाण्यासारखा पातळ, ओतला तसा कोब्याने तो ओढून घेतला आणि जमीन काळपट झाली. तो वाळेपर्यंत मिस्त्री पायरीवर बसून आजोबांबद्दल बोलत होते. आजोबा आराइशचं काम करायचे. जुन्या हवेल्यांत, आमेरच्या महालांत दिसणारा तो काचेसारखा चुना. भिजवलेला चुना महिनोन्‌महिने मुरवायचा, दही-गूळ घालायचं, संगमरवराची पूड मिसळायची, थरावर थर द्यायचे आणि ओले असतानाच अकीकच्या दगडाने घोटायचे. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश पुन्हा दगड होतो. “दादाजी सतह को सूखने नहीं देते थे, मैं गीली नहीं रहने देता,” असं म्हणून ते हसले. तिथे ओल लागते, इथे ओल मारते. पण आधी जमीन चाचपायची, ही सवय आजोबांचीच असावी.

इपॉक्सीचं घराणं त्यामानाने कालचं. स्वित्झर्लंडच्या पिएर कास्तां यांनी १९३० च्या दशकात या रेझिनवर काम केलं आणि १९४६ मध्ये सिबा कंपनीने अ‍ॅराल्डाइट बाजारात आणलं. फुटलेली कपबशी जोडायला आपण दोन नळ्या पिळतो, तीच ही रसायनं. एकीत रेझिन, दुसरीत हार्डनर. मिसळले की उष्णता निघते आणि दोन्ही मिळून एक जाळं विणतात. ते पुन्हा वितळत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारनंतर मुख्य थर. सकाळी का नाही? दिवस चढताना कोब्याच्या छिद्रांतली हवा फुगते आणि ताज्या रंगात बुडबुडे सोडते. उतरत्या उन्हात तीच हवा आकसते. हिशेब सरळ होता: एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर जाडी म्हणजे एक लिटर. आमच्या सतरा चौरस मीटरला सतरा लिटर. पण मिस्त्रींनी सगळं एकदम कालवलं नाही, तीन वेळा कालवलं. दोन्ही भाग काट्यावर मोजले, ड्रिलला पंखा लावून घुसळले, मग दुसऱ्या बादलीत ओतून पुन्हा घुसळले. पहिल्या बादलीच्या कडेला न मिसळलेलं जे राहतं ते जन्मभर चिकट राहतं.

मिसळल्यावर क्षणभरही बादली उभी ठेवली नाही. मिस्त्रींच्या हाताखालच्या पोरग्याने नागमोडी धार ओतली, मिस्त्रींनी खाचांच्या पात्याने ती ओढली, मग खिळ्यांचे बूट घालून ओल्या रंगातच उभं राहून काटेरी रोलर फिरवला. बुटांची भोकं त्यांच्या मागे आपोआप मिटत गेली. सुरुवात आतल्या कोपऱ्यातून, शेवट उंबऱ्याशी. आजीही अशीच मागे सरत दारात यायची. सगळं मिळून चाळीस मिनिटं.

एका मगात थोडं उरलं होतं. मिस्त्रींनी तो मग अंगणात ठेवला. पाऊण तासाने मी बोट लावायला गेलो तर चटका बसला. मगातून धूर निघत होता. जमिनीवर पसरलेला तोच माल मात्र गार होता. पातळ थरातून उष्णता निघून जाते, ढिगात ती कोंडते आणि स्वतःलाच पेटवत नेते. बादली का थांबवायची नाही, ते मला त्या चटक्याने कळलं.

दाराजवळ ऊन येतं आणि उन्हात इपॉक्सी पिवळं पडतं, म्हणून दुसऱ्या दिवशी वर पॉलियुरेथेनचा पातळ हात दिला. दोन दिवसांनी चालायला परवानगी मिळाली, गाडीला सात दिवसांनी.

आठव्या दिवशी भर दुपारी गाडी अजमेर रोडवर फिरवून मुद्दाम तापवली आणि आत लावली. रात्री दोनदा उठून बघून आलो. सकाळी फोन वाजला. मिस्त्रींनी चमक विचारली नाही, रंग पसंत पडला का तेही विचारलं नाही.

“गाड़ी हटाके देखी?”

“देखी.”

“पहिये के नीचे?”

मी चाकाच्या जागेवर बसलो होतो. टायरच्या नक्षीचा धुळीचा पुसट ठसा होता. अंगठ्याने पुसला, गेला.