शुद्धीवर येतील का? आधी ७२ तास थांबा

जयपूरच्या आदर्श नगरातून बोलतोय. माझ्या एका फौजी मित्राचं हृदय बंद पडलं. छाती दाबून, शॉक देऊन ते पुन्हा चालू झालं, पण मित्र बेशुद्धच. दुसऱ्या दिवशी वहिनींचा फोन आला, "भाऊजी, हे शुद्धीवर येतील का? नातेवाईक म्हणतात, व्हेंटिलेटर काढा."

मी म्हटलं, "वहिनी, आज काहीच ठरवू नका." का, ते सांगतो.

रक्तपुरवठा थांबला की काही मिनिटांतच मेंदूच्या पेशी मरू लागतात. किती मेल्या, हे पहिल्या दिवशी कळत नाही. झोपेची औषधंही चालू असतात. म्हणून २०२१ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचना सांगतात: किमान ७२ तास थांबा, औषधांचा अंमल उतरू द्या, मगच अंदाज बांधा.

मग काय पाहतात? बाहुली उजेडाने आकसते का, डोळ्याला कापसाचं टोक लावल्यावर पापणी मिटते का. ईईजीवर मेंदूच्या लहरी कशा आहेत. मनगटाला विजेचा बारीक झटका दिल्यावर संदेश मेंदूपर्यंत पोहोचतो का. मेंदूच्या पेशी फुटल्यावर रक्तात उतरणारं एनएसई किती आहे. शिवाय सीटी किंवा एमआरआय.

एकच खूण वाईट निघाली तर पुरत नाही. किमान दोन जुळाव्या लागतात. एका गस्तीच्या खबरीवर आम्हीही हल्ला चढवत नसू. चित्र धूसर असेल, तर थांबून पुन्हा तपासतात. घाईत व्हेंटिलेटर काढला, तर रुग्ण जातो आणि चुकलेला अंदाजही खरा वाटतो!

डोळे उघडले म्हणजे भान आलं, असंही नाही. मुंबईच्या केईएममधल्या परिचारिका अरुणा शानबाग आठवा. त्यांचं हृदय बंद पडलं नव्हतं. २७ नोव्हेंबर १९७३ ला हल्लेखोराने साखळीने गळा आवळल्यामुळे मेंदूचा प्राणवायू तुटला. डोळे उघडे असायचे, पण पूर्वीचं भान परतलं नाही. १८ मे २०१५ ला त्या गेल्या, तोवर केईएमच्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं.

म्हणून डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा: झोपेची औषधं कधी थांबवली? कोणत्या तपासण्या झाल्या? त्या एकमेकींशी जुळतात का?

माझा मित्र शुद्धीवर आला नाही. पाचव्या दिवशी सगळ्या खुणा एकच सांगत होत्या. पण घाई केल्याची बोच वहिनींच्या मनात राहिली नाही.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.