घरची तार कोणाकडून घ्यावी?

पावसाळा तोंडावर आला की कौले परतणे, माडांच्या वाळलेल्या झावळ्या उतरविणे आणि पुरुमेंताची बेगमी करणे ही गोमंतकीय गृहस्थाची परंपरागत कामे. त्यांत आता आणखी एकाची भर पडली आहे. घरात इंटरनेटची तार कोणत्या कंपनीची घ्यावी, असलेली ठेवावी की बदलावी, हा प्रश्न मृगापूर्वीच निकालात काढलेला बरा. कारण एकदा पावसाने जोर धरला की खांबावर चढावयास माणूस मिळत नाही.

जाहिराती पाहाव्यात तर निवड अगदी सोपी वाटते. कोणी शंभर मेगाबिटांचा वेग देऊ करतो, कोणी तीनशेंचा, वर चित्रपटांचा नजराणा. आमचे म्हणणे असे की, हा आकडा सर्वांत शेवटी पाहावा. एक तर तो मेगाबिटांचा असतो, मेगाबाइटांचा नव्हे; आठ बिटांचा एक बाइट, तेव्हा शंभरांच्या जोडणीवर सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट उतरणार. शिवाय तो 'पर्यंत' या विनम्र शब्दाच्या आडोशाने दिलेला असतो, आणि १८ टक्के जी. एस. टी. बिलावरच प्रथम दर्शन देतो. 'ब्रॉडबँड' या शब्दानेही कोणी दिपून जाऊ नये. २००४ साली सरकारी व्याख्येस २५६ किलोबिट पुरत असत. २०१३ साली ते ५१२ झाले, आणि २०२३ च्या जानेवारीपासून किमान दोन मेगाबिट. चांगल्या प्रतीचा एक चित्रपट पाहावयास पाच-सहा मेगाबिट पुरतात. चौघांच्या कुटुंबाला तीनशे कशासाठी हवेत, हे विकणाऱ्यालाच विचारावे.

आमच्याकडील जुन्या घरांची आणखी एक अडचण आहे. राजांगणाभोवती चिऱ्यांच्या जाड भिंतींची घरे वाय-फायच्या लहरींना सहज पार करता येत नाहीत. राउटर दर्शनी खोलीत आणि अभ्यासाला बसलेली मुलगी मागच्या खोलीत, अशी स्थिती असता वेग दुप्पट केल्याने काहीच साधत नाही. राउटर घराच्या मध्याकडे न्यावा, किंवा आतल्या खोलीपर्यंत वेगळी तार ओढून घ्यावी. पाच गिगाहर्ट्झची लहर वेगवान खरी, पण भिंतीपुढे ती लवकर हार मानते, २.४ ची संथ लहर अधिक दूर पोचते. तार घालावयास आलेल्या माणसाकडून हे सारे पहिल्याच दिवशी करून घ्यावे.

खरी परीक्षा आहे ती तार तुटल्यावरची. फायबर म्हणजे काचेचा तंतू. विजेचा लोळ त्यातून वाहत नाही, हा तांब्याच्या तारेहून मोठाच लाभ. परंतु माडाची झावळी कोसळली की तो तंतू तुटतो, आणि जोडण्यास खास यंत्र व जाणता कारागीर लागतो. असा कारागीर कंपनीपाशी आपल्या तालुक्यात आहे काय, की तो पणजीहून यावयाचा, हे आधी विचारावे. दुसरी गोष्ट विजेची. जुन्या टेलिफोनला एक्स्चेंजमधूनच वीज मिळे, म्हणून घरात काळोख असला तरी तो बोलत असे. फायबरच्या पेटीला घरची वीज लागते. ती गेली की तार शाबूत असूनही सेवा बंद. राउटरपुरता लहानसा इन्व्हर्टर हा खर्चाच्या अंदाजात धरलाच पाहिजे. या साऱ्याची खात्रीलायक माहिती कंपनीच्या पत्रकात नसून शेजाऱ्यापाशी असते. गेल्या आषाढात तार किती वेळा तुटली आणि कितव्या दिवशी जोडली गेली, एवढे दोनच प्रश्न त्याला विचारावेत. तक्रार करताना क्रमांक मागून घ्यावा. दाद न लागल्यास कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे विनामूल्य अपील करता येते, अशी तरतूद दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या नियमांत आहे. फारच थोडे ग्राहक तिचा उपयोग करतात, असा आमचा समज आहे.

पण निवड करा म्हणावे कोणाला? पणजी, मडगाव, म्हापशाच्या रहिवाशाला तीन-चार कंपन्या दारी येतात. सांगे, सत्तरी, काणकोणच्या आतल्या वाड्यांवर एखादीच, आणि कुठे तीही नाही. मोबाइलचा क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय २०११ पासून देशभर झाली, परंतु घरच्या तारेची गोष्ट वेगळी. नवी कंपनी म्हणजे खांबापासून नवी तार. २०२० च्या टाळेबंदीत मुले वर्गासाठी डोंगर चढत होती, हे गोमंतकाने पाहिले आहे. चवथीला बंगळूरहून आलेला मुलगा विसर्जनानंतर घरी राहून आठ दिवस काम करू शकेल की नाही, हेही आज या तारेवरच ठरते.

२०२५ साली वीज खात्याने आपल्या खांबांवरील विनापरवाना केबली उतरविण्याची मोहीम हाती घेतली आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले. खांबांवरील जंजाळ धोक्याचे आहे, याविषयी आमचा वाद नाही. परंतु खाते आणि केबलवाले यांच्या भांडणात नियमाने पैसे भरणारा ग्राहक भरडला जातो. ज्याच्याकडून तार घ्यावयाची, त्याच्यापाशी खांबांचा परवाना आहे काय, हे विचारण्याचा त्यास अधिकार आहे. परवानाधारकांची यादी आणि प्रत्येक कंपनीला दुरुस्तीस सरासरी किती दिवस लागले याचा तक्ता सरकारने दर मे महिन्यात पंचायतींच्या फलकांवर लावावा. त्यास फारसा खर्च येणार नाही.