डिस्पॅचच्या टेबलाची उंची

चाकण एमआयडीसीत, महाळुंग्याच्या बाजूला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात लाइनवरच्या कामाची मोजमापं घ्यायला मी जातो. ऑपरेटरचा हात सुट्या भागांच्या बिनपर्यंत किती लांब जातो, तो किती वेळा वाकतो, सगळं तिथे सेकंदात आणि मिलिमीटरमध्ये नोंदलेलं असतं. वाकावं लागू नये म्हणून बिन तिरपे करून कमरेच्या उंचीवर आणले आहेत. आधीचे आणि नंतरचे फोटो कायझेनच्या, म्हणजे छोट्या छोट्या सुधारणांच्या, फळ्यावर आहेत.

भिंतीपलीकडे डिस्पॅचची खोली. तिथे कुणी टेप घेऊन गेलेलं नाही.

दुपारनंतर गाड्या लागतात. खिडकीतून ड्रायव्हर विचारतो, "मॅडम, बिल झालं का?" टेबलामागच्या ताई फोन कान आणि खांद्यात धरून टाइप करत असतात. इनव्हॉइस, लेबलं, गेटपास. शिवाय २०१८ पासून परराज्यात जाणाऱ्या ५० हजारांवरच्या मालाला ई-वे बिल. त्यात गाडीचा नंबर चुकला तर माल रस्त्यात अडतो. म्हणून मान पुढे काढून एकेक आकडा वाचायचा. प्रिंटर पाठीमागे, त्यामुळे दर गाडीला कमरेतून वळणं आलंच.

टेबल लोखंडी, सुमारे ३० इंच उंच. ताईंची उंची बेताची. खुर्ची वर घेतली की पाय लोंबकळतात, खाली घेतली की खांदे उचलून टाइप करावं लागतं. मनगट टेबलाच्या धारेवर टेकून मागे वाकलेलं राहतं. मनगटातल्या अरुंद बोगद्यातून नऊ कंडरा आणि एक मज्जातंतू जातो. तिथे सूज आली की तो तंतू चेपतो. "सर, रात्री मुंग्यांनी जाग येते, मग हात झटकत बसते," ताई म्हणाल्या.

रामाझिनी या इटालियन वैद्याने १७१३ मध्ये कारकुनांच्या दुखण्याची कारणं सांगितली होती: सतत बसणं, हाताची तीच ती हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावरचा ताण. या खोलीत तिन्ही आहेत. आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्याने जड ओझ्याला मर्यादा घातली, उभ्याने राबणाऱ्याला बसायची सोय द्यायला लावली. टेबलाच्या उंचीवर मात्र त्यात कलम नव्हतं.

व्यायामाचे तक्ते भिंतीवर चिकटवून हे सुटणार नाही, असं माझं ठाम मत आहे. आधी जागा बदलावी लागते. पॅकिंगच्या लाकडी पट्ट्यांचा पायठेवा होतो. लॅपटॉप बॉक्स फाइलींवर चढवून पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणायची आणि की-बोर्ड वेगळा घ्यायचा. लॅपटॉपवर दोन्ही जोडलेले असल्याने एक तर मान झुकते, नाही तर हात उचलावे लागतात. प्रिंटर हाताशी, फोनला हेडसेट. मोठा खर्च यात कुठेच नाही.

पिंपरी, भोसरी, चाकणच्या प्लांट हेडनी पुढच्या कायझेनला ही खोली घ्यावी. आणि टेबलावर बसणाऱ्यांनो, मुंग्या हटत नसतील तर मलम चोळत दिवस काढू नका, डॉक्टरांना दाखवा. तंतू फार काळ चेपलेला राहिला, तर अंगठ्याच्या मुळाशी असलेला स्नायू झिजतो आणि पकड कायमची कमी होऊ शकते.