नाताळाचें झाड आणि तीन रंग

बदलापुरास आमच्या शेजारीं वसईकडील एक ख्रिस्ती कुटुंब राहतें. गेल्या नाताळांत तेथील आजीबाईंनीं माझ्या नातीस झाड सजविण्यास बोलाविलें, आणि आमच्या माजघरांत वाद उपस्थित झाला. “परधर्माच्या पूजेंत आपल्या मुलीनें हात घालावा काय?” असें वडील वहिनींनीं विचारिलें. प्रश्न रास्त होता. म्हणून नातीबरोबर मीच गेलों.

कुंडींत सुरूची फांदी रोवलेली. प्रार्थना व्हावयाची ती शेजारच्या गव्हाणीपाशीं. झाडापुढें कांहींच नव्हतें. वाद होता तो निराळाच. आजीबाईंना हिरवा, तांबडा व सोनेरी एवढेच रंग हवे होते. त्यांच्या नातवानें उल्हासनगरच्या बाजारांतून निळे गोळे आणिले होते.

मग मीं थोडी मास्तरकी केली. जर्मनींत २४ डिसेंबर हा आदाम-हव्वेचा दिवस. त्यांच्या कथेच्या नाटकांत सदाहरित झाडास सफरचंदें बांधीत. इ. स. १६०५ च्या सुमाराच्या स्ट्रासबुर्ग येथील वृत्तांतांत झाडांवर सफरचंदें, सोनेरी वर्ख व रंगीबेरंगी कागदांचे गुलाब असल्याचा उल्लेख आहे. पुढें एकोणिसाव्या शतकांत लाउशा गांवच्या कारागिरांनीं कांचेचे गोळे फुंकले. तेव्हां तांबडा गोळा म्हणजे मूळचें सफरचंदच!

“रंगीबेरंगी” हा शब्द नातवानें बरोबर पकडला. निळ्या गोळ्यांस खालची फांदी मिळाली. माझ्या नातीनें घरून जरीचा गोंडा नेला.

रात्रीं वहिनी स्वतः पाहावयास गेल्या. “आंब्याच्या तोरणासारखेंच कीं हो!” म्हणाल्या, आणि निळे गोळे तेवढे मागल्या बाजूस लावावयास सांगून परतल्या.